समुद्री शर्यतीत दुसऱ्याच्या पायामागे कसं पोहायचं: बेळगावकडच्या नवख्यांसाठी

आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा, काठावर काका किंवा मामा, आणि आठवडाभरात मुटके. पुढे ज्याला गोडी लागते तो गोवावेसच्या टँकवर येतो, लेन धरून पोहतो, घड्याळ लावतो. मग कुणीतरी सांगतं की डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्री स्पर्धा असते, चल. टँकमध्ये किलोमीटर आरामात काढणारा मुलगा तिथे उतरतो आणि त्याच्यापेक्षा हळू पोहणारे चार जण त्याच्या आधी बाहेर येतात.

ते चार जण बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागे पोहलेले असतात. टँकमध्ये लेन तुमची एकट्याची असते, समुद्रात शंभर लोकांचे हातपाय एकाच पाण्यात असतात. त्या गर्दीतून फायदा कसा काढायचा, म्हणजे ड्राफ्टिंग कसं करायचं, हे आपल्या भागात फारसं कुणी शिकवत नाही. माझ्या मते पायामागे चिकटून राहणं हा त्यातला सोपा भाग आहे. कुणाचे पाय धरायचे आणि कधी सोडायचे, अवघड ते आहे. म्हणून खाली मी त्यावरच जास्त लिहिलं आहे.

१. फायदा नेमका कशाचा होतो

पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं. वेग दुप्पट करायला गेलात तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे पोहताना ताकदीचा मोठा वाटा पुढचं पाणी बाजूला सारण्यातच जातो. तुमच्या पुढे कुणी असेल तर ते काम त्याने आधीच केलेलं असतं, आणि त्याच्या मागचं पाणी थोडं त्याच्याच दिशेने सरकत असतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉलीमागे सायकल लावली की समोरचा वारा गायब होतो, तसंच.

शातार आणि विल्सन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे मोजलं आहे. पुढच्याच्या पायाच्या बोटांपासून शून्य ते ५० सेंटिमीटर मागे राहिलं तर विरोध जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. मागे न राहता बाजूला, त्याच्या कमरेजवळ राहिलं तर घट सहा-सात टक्के. म्हणजे मागची जागा कागदावर तिप्पट फायद्याची. समुद्रात मात्र हिशेब इतका सरळ राहत नाही, त्याबद्दल नवव्या मुद्द्यात.

२. हे नियमात बसतं का

बसतं. टँकवरचे जुने लोक नाक मुरडतील, "दुसऱ्याच्या जिवावर पोहतोस होय?" म्हणतील. पण वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या खुल्या पाण्याच्या नियमांत दुसऱ्या स्पर्धकाच्या मागे पोहायला बंदी नाही. बीजिंगला २००८ मध्ये १० किलोमीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली. तेव्हा ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस बराच वेळ पुढे राहून पाणी फोडत होता. नेदरलँड्सचा मार्टेन व्हॅन डर वेइडेन घोळक्यात दम राखून राहिला, शेवटी पुढे आला आणि सोनं घेऊन गेला. फरक दीड सेकंदांचा. रिओला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॅरॉड पूर्टने सुरुवातीलाच एकट्याने मुसंडी मारून मिनिटाहून जास्त आघाडी घेतली होती. मागच्या घोळक्याने त्याला गिळलं, आणि शेवटी तो पदकांच्या आसपासही नव्हता.

काय चालत नाही ते मात्र पाठ करा. सोबतच्या होडीच्या किंवा कयाकच्या मागे लपून पोहता येत नाही. मुद्दाम कुणाला अडवणं, पाय ओढणं, अंगावर चढणं चालत नाही. पहिल्या वेळी पंच पिवळा झेंडा आणि तुमचा नंबर दाखवतो, दुसऱ्या वेळी लाल, म्हणजे तुम्ही बाहेर. रिओलाच महिलांच्या शर्यतीत फ्रान्सची ऑरेली म्युलर दुसरी आली होती. शेवटच्या क्षणी इटलीच्या रॅकेले ब्रुनीला अडवलं म्हणून ती बाद झाली आणि रौप्य ब्रुनीला मिळालं. तेव्हा "समुद्रात कोण बघतंय" असं समजू नका.

गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथे सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटलात तर दंड होतो, पण मिरामारच्या १.९ किलोमीटर पोहण्यात मागे राहायला हरकत नाही. धरमतर ते गेटवे यासारख्या एकट्याच्या मोहिमांचं गणित पूर्ण वेगळं. तिथे तुम्ही, तुमची होडी आणि निरीक्षक. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

३. आधी स्वतःला तपासा

न थांबता दीड किलोमीटर फ्रीस्टाईल जमते का? दोन्ही बाजूंनी श्वास घेता येतो का? गॉगलमध्ये पाणी शिरलं तर पाठीवर उलटं होऊन, न घाबरता, ते काढता येतं का? तिन्हीला हो असेल तरच पुढचं वाचा. दुसऱ्या प्रश्नावर अडणारे बरेच असतात, कारण विहिरीत शिकलेला माणूस एकाच बाजूने मान वळवतो. ती सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून गणपतीच्या आधीच सुरुवात करा. डिसेंबरच्या तोंडावर मोडत नाही.

बारा वर्षांच्या आतल्या मुलांना मी ड्राफ्टिंग शिकवू नये असं म्हणेन. त्यांना घोळक्याच्या कडेने, मोकळ्या पाण्यात पोहू द्या. पदकापेक्षा पाण्याची भीती न बसणं महत्त्वाचं.

४. कागदपत्रं आणि सामान

स्पर्धेनुसार थोडा फरक पडतो, पण साधारण हे लागतं:

- जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा, आणि आधार कार्ड (मूळ आणि झेरॉक्स दोन्ही)
- डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र, अलीकडच्या तारखेचं
- अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतीपत्र
- क्लबचं किंवा प्रशिक्षकांचं पत्र, आयोजकांनी मागितलं असेल तर
- पासपोर्ट फोटो, आणि नाव नोंदवल्याची पावती

इथे सीमाभागातल्या माणसाला दोन अडचणी हमखास येतात. पहिली नावाची. आपलं नाव घरात मराठीत, दाखल्यावर कन्नडमध्ये आणि आधारवर इंग्रजीत. या प्रवासात कुठेतरी एक अक्षर कमीजास्त होतं, आणि वयोगट तपासणारा स्वयंसेवक दोन्ही कागद शेजारी ठेवून तुमच्याकडे बघत बसतो. त्यात दाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर मालवणच्या टेबलावर तो वाचणार कोण? इंग्रजी मजकूर असलेली प्रत आधीच काढून ठेवा, आणि दोन्ही कागदांवरचं नाव जुळतं का ते अर्ज भरण्याआधी बघा, आदल्या रात्री लॉजवर नव्हे.

दुसरी अडचण राज्याची. स्विमिंग फेडरेशनच्या निवड स्पर्धांसाठी आपण कर्नाटकचे. महाराष्ट्रातली एखादी स्पर्धा सर्वांना खुली आहे, की तिथल्या जिल्ह्यांपुरती, की बाहेरच्यांना पोहू देतात पण क्रमांकात धरत नाहीत, हे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा. मराठी बोलतो म्हणून चालून जाईल असं धरून जाऊ नका.

सामान थोडंच लागतं. दोन गॉगल (एक काळसर काचेचा, कारण सकाळचं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यात येतं), ठळक रंगाची कॅप, व्हॅसलीन, कमरेला बांधून मागे ओढायचा, शिट्टी लावलेला पोहण्याचा फुगा आणि मोठी पाण्याची बाटली. फुगा सरावासाठी, शर्यतीत आयोजक सांगतील तसं. व्हॅसलीन काखेत, मानेला आणि जिथे कपड्याची शिवण घासते तिथे. गोड्या पाण्यात पोहणाऱ्याला याची गरज कळत नाही. खारट पाण्यात अर्ध्या तासात मान सोलते. व्हॅसलीनचे हात गॉगलच्या काचेला मात्र लावू नका. आधी गॉगल, मग व्हॅसलीन.

५. टँकमध्ये सराव

खरं शिक्षण इथेच होतं, तेव्हा घाई करू नका. तीन जण लागतात, साधारण सारख्या वेगाचे. टँकवर गर्दी नसेल ती वेळ सरांना विचारून घ्या. पहाटेच्या बॅचमध्ये हे करायला गेलात तर बाकीचे शिव्या देतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पहिला आठवडा फक्त पायामागे राहायचं. पहिला निघाला की लगेच दुसरा, त्याच्यामागे तिसरा. प्रत्येक फेरीनंतर पुढचा मागे जातो. अंतर इतकं ठेवा की तुमचा हात पाण्यात शिरतो तेव्हा बोटांपासून पुढच्याचे तळवे अगदी जवळ असतील, पण लागणार नाहीत. दोन गोष्टी लगेच जाणवतात. हाताखालचं पाणी बुडबुड्यांनी मऊ लागतं, आणि नेहमीचा जोर लावला की तुम्ही पुढच्याच्या पायांवर आदळता. तो जोर कमी करायला शिकणं हाच पहिल्या आठवड्याचा धडा. किक जवळजवळ बंद करा, एका हाताला एक, बस्स. हात पाण्यात नेहमीपेक्षा थोडे रुंद टाका, म्हणजे पुढच्याची किक बोटांवर बसत नाही.

मान वर काढून पुढे बघत राहायचा मोह होईल. तो टाळा, नाहीतर कंबर बुडते आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. नजर खाली, किंचित पुढे. बुडबुड्यांची रेघ दिसते, ती धरून चला. रेघ एका बाजूला सरकली तर पुढचा वळतोय किंवा तुम्ही भरकटताय. एका फेरीत मुद्दाम डोळे मिटून पोहा, नुसत्या पाण्याच्या स्पर्शावर. मळीच्या आणि गढूळ पाण्यात हेच कामाला येतं.

दुसऱ्या आठवड्यात कमरेजवळची जागा. तुमचं डोकं पुढच्याच्या कमरेच्या रेषेत, दोघांत हातभर अंतर. त्याच्या खांद्यापासून तिरकी निघणारी लाट तुम्हाला उचलते ती जागा शोधा. गुडघ्यापर्यंत मागे पडलात तर लाट सुटते, खांद्यापर्यंत गेलात तर दोघेही आपापलं पाणी ढकलत बसता. तुम्ही त्याच्या उजवीकडे असाल तर श्वास डावीकडे घ्या, म्हणजे तो प्रत्येक वेळी दिसतो. हात एकमेकांना लागायला लागले तर त्याच्या लयीत स्वतःची लय बसवा. एक-दोन स्ट्रोक लांबवले की जमतं.

तिसऱ्या आठवड्यात वळणं. वीस लिटरचा रिकामा कॅन दोरी आणि वजन बांधून टँकच्या मध्यावर सोडा, लेनच्या दोऱ्या काढायला मिळाल्या तर उत्तम, आणि तिघांनी त्याला वळसे घाला. पहिल्यांदा गोंधळ होतो, कोपर लागतं, गॉगल सरकतो. तो गोंधळ इथेच होऊन गेलेला बरा. शिवाय एकमेकांच्या पायाला मुद्दाम दोन-तीनदा हात लावून बघा, म्हणजे पुढे असताना कसं वाटतं ते कळेल. पायाला सारखा हात लागत राहिला की माणूस किती चिडतो, हे सांगून पटत नाही.

६. उघड्या पाण्यात, पण कुठेही नाही

इथे मी थोडा कडक बोलणार आहे. राकसकोपच्या जलाशयात उतरू नका. बेळगावचं पिण्याचं पाणी आहे ते. हिडकल आणि नविलुतीर्थ ही धरणं सरकारी अखत्यारीतली आहेत, परवानगीशिवाय पोहायला जाणं म्हणजे दंड ओढवून घेणं, आणि दरवाज्यांच्या बाजूला तर जीवच. मलप्रभा खानापूरला उन्हाळ्यात गुडघाभर दिसते, पण वाळू काढलेल्या जागी खड्डे आहेत, आणि पावसानंतर तिचं रूपच वेगळं असतं. खडीच्या बंद खाणीत साचलेलं निळं पाणी फोटोत छान दिसतं. त्याचे काठ उभे कापलेले असतात, दमलात तर पकडायला काही नाही.

मग करायचं काय? परवानगी असलेली जागा, होडी किंवा ट्यूब घेऊन बसलेला माणूस, प्रत्येकाला फुगा, आणि कमीत कमी चौघे. क्लबबरोबर गेलात तर हे सगळं आपोआप होतं, म्हणून क्लबबरोबरच जा. एकट्याने ड्राफ्टिंगचा सराव तसाही होत नाही.

इथे शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे दिशा बघणं. दर आठ-दहा स्ट्रोकला डोळे जेमतेम पाण्यावर येतील इतकंच डोकं पुढे उचलायचं, बोया (मार्ग दाखवायला पाण्यावर सोडलेली तरंगती खूण) किंवा काठावरचं झाड बघायचं, आणि लगेच श्वासासाठी मान बाजूला. पूर्ण डोकं वर काढू नका. तुम्ही कुणाच्या मागे असलात तरी हे सोडायचं नाही, कारण तो चुकला तर तुम्ही दोघे चुकता. होडीत बसलेला मित्र "खुटं जाऊलालास रे?" म्हणून ओरडेल. शर्यतीत ओरडायला कुणी नसतं.

७. आदला दिवस

आंबोलीमार्गे सावंतवाडी, कुडाळ करून मालवण. गोव्याला जायचं असेल तर चोर्ला. घाटात पोटात ढवळणाऱ्यांनी दुपारीच पोहोचावं. सुरमईची थाळी शर्यत झाल्यावर खा, आदल्या रात्री भात-वरण बरं. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बोया कुठे टाकल्यात, वारा कुठून येतोय, भरती-ओहोटीची वेळ काय ते बघा. स्थानिक मच्छीमाराला विचारलंत तर पाणी सकाळी कुठल्या बाजूला ओढेल ते तो एका वाक्यात सांगतो.

पंधरा मिनिटं तरी समुद्रात उतरून या. खारं पाणी अंगाला थोडं वर उचलतं, पाय आपोआप वर येतात, आणि टँकमध्ये कमावलेला अंदाज किंचित बदलतो. तापमानही उलटं. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे टँकमध्ये हुडहुडी भरते आणि कोकणचा समुद्र तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतो. थंडीची काळजी नको, पाणी पुरेसं प्या.

८. सुरुवात, आणि कुणाचे पाय धरायचे

शर्यतीआधीची वीस मिनिटं लोक सेल्फीत घालवतात. तुम्ही तेवढ्यात माणसं बघून घ्या. कोण शांतपणे खांदे सैल करतंय, कोण गर्दीच्या अगदी पुढे उभं आहे, सरावात कुणाचे स्ट्रोक एकसारखे पडत होते. ओळखीचं कुणी असेल तर सरळ विचारा, "किती वेळात काढणार?" तुमच्यापेक्षा किंचित जलद माणूस हवा. किंचितच. कॅपचा रंग आणि कपड्याचा पट्टा लक्षात ठेवा, पाण्यात चेहरा दिसत नाही.

पहिल्यांदा उतरत असाल तर मधोमध उभे राहू नका. कडेने, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत. शिट्टी झाली की पहिले दोनशे मीटर सगळेच वेड्यासारखे सुटतात. त्या वेळी पाय शोधू नका, लाथा चुकवा आणि स्वतःचा श्वास सांभाळा. साधारण दोन-तीन मिनिटांनी गर्दी विरळ होते, घोळके पडतात. निवड तेव्हा करायची.

कुणाला टाळायचं ते आधी सांगतो. ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्याच्या मागे कधीही जाऊ नका, त्याची किक बाजूला आणि मागे फाकते आणि गॉगलसकट नाकावर बसते. जोरात सहा ठोक्यांची किक (दोन हातांमागे सहा लाथा) मारणाऱ्याच्या मागे फेसाशिवाय काही दिसत नाही, त्याची कंबर धरा किंवा दुसरा शोधा. दर थोड्या वेळाने थांबून बघणारा माणूसही नको, त्याच्यावर आदळाल. आणि जो नागमोडी पोहतोय, तो कितीही जलद असला तरी सोडा. सरळ जाणाऱ्या हळू माणसाच्या मागे तुम्ही लवकर पोहोचाल.

पाय मिळाले की पहिले पन्नास स्ट्रोक फक्त तपासणीचे. श्वास तीन स्ट्रोकवर आरामात येतोय, अंतर राहतंय, तर योग्य माणूस. प्रत्येक स्ट्रोकला ओढाताण होतेय आणि फट वाढतेय, तर तो तुमच्यासाठी फार जलद. सोडून द्या, मागून येणाऱ्या पुढच्या जोडीला लटका. फट वाढत गेली की फायदा कमी होत जातो, तेव्हा एक तर लगेच दहा स्ट्रोक जोर लावून भरून काढा, नाहीतर नाद सोडा. मधल्या अंतरावर धापा टाकत राहण्याइतकं वाईट काही नाही. एकट्याचा खर्च करता, आणि दिशा दुसऱ्याची.

उलट बाजूही आहे. मागे सगळं सोपं वाटायला लागतं आणि "हा फारच हळू आहे" म्हणून नवखा बाहेर पडतो, शेजारून पुढे जातो, आणि शंभर मीटरवर त्याची शिट्टी वाजते. सोपं वाटणं हेच तर ड्राफ्टिंग. खात्री करायची असेल तर थोडं बाजूला सरकून मोकळ्या पाण्यात दहा-बारा स्ट्रोक मारा. तरीही सहज त्याच्या बरोबरीने राहिलात तर जा पुढे. नाहीतर गुपचूप मागे या.

९. पाय की कंबर

प्रयोगशाळेत पायामागे फायदा जास्त. पण मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्याला मी कंबरच धरायला सांगेन. समुद्रात लाटा असतात, बुडबुड्यांची रेघ मोडते, वाळू ढवळलेली असेल तर पाय दिसतच नाहीत. कमरेजवळ असलात की पुढचा माणूस प्रत्येक श्वासाला दिसतो, लाथ बसत नाही, आणि समोरचं पाणी मोकळं असल्यामुळे बोया तुम्हालाही दिसते. वारा किंवा लाटा एका बाजूने येत असतील तर त्याच्या आडोशाच्या बाजूला राहा, तो अर्ध्या लाटा स्वतःवर घेतो. पाणी शांत असेल, अंतर लांब असेल, तेव्हा पायामागे जा.

शिष्टाचाराचा भागही आहे. पायाला एकदा हात लागला तर काही नाही, दोनदाही समजून घेतात. तिसऱ्यांदा लागतोय म्हणजे तुमचं अंतर चुकतंय, कमरेकडे सरका. मुलगे आणि मुली एकत्र सुटत असतील तर हे जास्तच पाळा. कुणाच्याही पायाला सारखा हात लावत मागे राहणं त्रासदायक असतं, आणि पुढची मुलगी थांबून पंचाकडे बघत असेल तर चूक तुमचीच धरली जाईल. मुलींनीही लक्षात ठेवावं, नको असलेला माणूस मागून झटकायचा असेल तर थोडं तिरकं होऊन पाच-सहा जोरदार किक मारा. तो दुसरीकडे जातो. तरीही ऐकत नसेल तर होडीतल्या माणसाला हात करा.

१०. बोयाजवळ

घोळके इथे तुटतात. सगळे आतल्या बाजूने वळायला बघतात, मध्ये चेंगराचेंगरी होते, पुढचे सुटतात आणि मागचे अडकतात. वळणाआधी तीस-चाळीस मीटर पुढच्याच्या अगदी जवळ जा आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला राहा. वळसा मीटर-दोन मीटर मोठा पडेल, पण हात मोकळे राहतील. वळून सुटल्याबरोबर पंधरा स्ट्रोक जोरात, कारण पुढचाही तेव्हाच जोर लावतो. हे पंधरा स्ट्रोक चुकले की पाय गेले. बोया चुकीच्या बाजूने घेतली तर मागे जाऊन परत घ्यावी लागते, तेव्हा "सगळे तिकडे गेले म्हणून मीही" चालत नाही. कुठली बोया कुठल्या खांद्याला ठेवायची ते सकाळच्या सूचनांच्या वेळी कान देऊन ऐका.

११. कधी सोडायचं

शेवटचे दोन-तीनशे मीटर राहिले की पायामागून कमरेकडे या. मागेच राहिलात तर पुढच्याला ओलांडायला पूर्ण अंगभर अंतर कापावं लागतं, आणि किनाऱ्याजवळ तेवढं पाणी उरत नाही. एक बाजू निवडा, जिकडे मोकळं पाणी आहे ती, आणि एकदाच निघा. अर्धवट निघून परत मागे येणं सगळ्यात महाग. किनारा जवळ आला की लाट मागून येते. ती खाली येताना तिच्याबरोबर पोहा, परत जाताना ओढेल तेव्हा दम धरा. हात वाळूला दोन-तीनदा लागेपर्यंत उभे राहू नका, गुडघाभर पाण्यातून पळण्यापेक्षा पोहणं जलद. नियमाने तळाला उभं राहिल्याने बाद होत नाही, पण शर्यतीच्या मध्ये चालत किंवा उड्या मारत पुढे जाता येत नाही.

१२. बाहेर आल्यावर, किंवा मध्येच सोडल्यावर

नंबर किंवा चिप परत द्या, नावापुढे खूण झाली का ते स्वतः बघा. दम संपला, पेटका आला, जेलीफिश लागली, तर पाठीवर उलटे होऊन एक हात वर करा, होडी येते. होडीतून किनाऱ्यावर आलात, किंवा जवळच होता म्हणून स्वतःच बाहेर निघालात, तर कपडे बदलायच्या आधी टेबलावर जाऊन "अमुक नंबर बाहेर आलाय" हे सांगा. बरेच जण लाजून तसेच मागच्या वाटेने लॉजवर जातात. मग यादीत एक नंबर कमी भरतो, लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं जातं, होड्या परत पाण्यात जातात, आणि तुमच्या आईला फोन लावला जातो.